आईची नथ

एका नदीकाठच्या गावात एक तांबट राहत होता. त्याच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. तिची आई केव्हाच वारली होती. मागे एक नथ तेवढी राहिली होती. तांबटाने ती शहरातल्या सोनाराकडून पुन्हा गुंफून घेतली, बटव्यात घातली, बटवा कमरेला खोचला आणि घरी परतायला नावेत बसला.

नावेत दाटी होती. तांबट घडोघडी कमरेला हात लावून बघे. त्यामुळे बटवा कुठे आहे, हे सगळ्या नावेला कळलं.

त्याला खेटून एक फाटक्या लुगड्यातली बाई बसली होती. तिच्या पलीकडे स्वच्छ उपरण्यातला एक गृहस्थ होता. बाई सारखी तांबटाकडे सरकत होती.

"ए बाई, अंगावर काय येतेस? लांब बस!" तांबट खेकसला.

"दादा, जरा ऐका तरी..."

"काही ऐकायचं नाही. तुझ्यासारख्यांना मी चांगला ओळखतो. ऊठ, त्या टोकाला जा!"

सगळे बघू लागले. बाई मुकाट्याने उठली. गृहस्थ तिच्या जागेवर सरकला आणि हसून म्हणाला, "बरं केलंत पाहुणे. असल्या लोकांपासून जपलेलंच बरं."

तांबट निर्धास्त झाला. बटव्यावरचा हात काढून तो गृहस्थाला लग्नाच्या गोष्टी सांगू लागला. मधल्या गावाला नाव लागली, तेव्हा गृहस्थ राम राम करून उतरून गेला.

नाव पुन्हा पाण्यात शिरल्यावर तांबटाचा हात कमरेला गेला. धोतराची घडी कापलेली होती. बटवा नव्हता.

"हिनेच घेतला!" तो बाईवर धावला. त्याने तिचं बोचकं हिसकावून सर्वांसमोर उलटं केलं. आतून शिळी भाकरी आणि तान्ह्या बाळाचं एक झबलं पडलं. दुसरं काहीच नव्हतं.

बाईचे डोळे भरून आले. "दादा, त्या माणसाच्या हातात पातं होतं. माझ्या मागून त्याचा हात तुमच्या कमरेकडे येत होता, म्हणून मी मध्ये सरकत होते. सांगायला गेले, तर तुम्ही मला उठवलंत."

बाईने खाली वाकून झबलं झटकलं. तांबटाची मान वर होईना. पलीकडचा काठ आला, आणि ती उतरून निघून गेली.

घरी त्याने मुलीला सगळं सांगितलं. तिला रडू आलं. मग डोळे पुसून तिने विचारलं, "बाबा, तुम्ही त्या बाईंची माफी मागितलीत ना?"

तांबटाने माफी मागितलीच नव्हती. त्याने तिचं गावसुद्धा विचारलं नव्हतं.

त्यानंतर दर बाजाराच्या दिवशी तो घाटावर जाऊन प्रत्येक नावेतली माणसं बघत असे. ती बाई त्याला पुन्हा कधीच दिसली नाही.

तात्पर्य: प्रवासात नजर आपल्या वस्तूवर ठेवावी, शेजाऱ्याच्या कपड्यांवर नको. गेलेली वस्तू एक वेळ विसरता येते, पण विनाकारण केलेला अपमान विसरता येत नाही.