पहिले काडतूस

एकदा एका शिष्यापुढे निवडीचा प्रसंग आला. डोंगराळ मुलखातल्या एका छोट्या संस्थानाच्या शस्त्रागारात, वृद्ध वस्तादांच्या हाताखाली, तो वापरलेली पितळी काडतुसे पुन्हा भरण्याची विद्या शिकत होता. वर्षभर त्याने नळीसारखी सरळ काडतुसे भरली होती. आता बाटलीसारख्या, वर निमुळती मान असलेल्या काडतुसांची पाळी होती.

"पहिले कोणते घ्यायचे ते तूच ठरव," वस्ताद म्हणाले.

फळीवर रखवालदारांच्या रोजच्या बंदुकीचे साधे, मध्यम काडतूस होते. शिष्याने त्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. त्याने उचलले ते वाघाच्या शिकारीचे, चांगले लांब आणि भारदस्त. वस्तादांनी तशीच दहा रिकामी काडतुसे त्याच्यापुढे ठेवली. सरावापुरती बंदुकीची जहाल दारू एकेकच माप घालून ती भरायला त्यांनी सांगितले.

शिष्य भरू लागला. मध्येच जंगलचा हवालदार बाळोजी दाराशी येऊन बोलत उभा राहिला. तो गेल्यावर शिष्याने काम पुरे केले. दहाही काडतुसे झगमगत होती. सकाळी बाळोजीच त्यांची चाचणी घेणार होता.

पण घरी जेवताना शिष्याचा घास हातातच राहिला. बोलण्याच्या नादात एका काडतुसात आपण दोनदा तर दारू ओतली नाही? काही केल्या आठवेना. तसे झाले असेल, तर बंदूक फुटेल आणि बाळोजीचा चेहरा नेमका तिच्याशी टेकलेला असेल. तो तसाच उठला आणि वस्तादांच्या घरी धावला.

"वस्ताद, माझ्या हातून चूक झाली असावी. खात्री नाही, पण झाली असावी."

वस्तादांनी पागोटे चढवले. दोघांनी शस्त्रागार उघडून एकेका काडतुसाची गोळी सोडवली आणि दारू मोजली. सातव्यातून दोन मापे निघाली. शिष्याने ती दोन्ही मापे पुन्हा मोजून पाहिली. आपण रडतो आहोत की हसतो आहोत, हे त्याचे त्यालाच कळेना.

तेव्हा वस्तादांनी एक चमत्कारिक गोष्ट केली. दारूचा कणही सांडू न देणाऱ्या त्या माणसाने फळीवरचे साधे काडतूस घेतले, त्यात एक माप ओतले आणि लगेच दुसरे. दारू काठावरून ओसंडून मेजावर पसरली.

"हे काय केलेत, वस्ताद?"

"दिसली ना चूक? याचे पोट एका मापातच भरते. तू निवडलेस त्याचे पोट मोठे. त्याने तुझी चूक मुकाट्याने गिळली. नवशिक्याने आपली चूक लपवणारी वस्तू हाती घेऊ नये. चूक तोंडावर सांगेल, तीच घ्यावी."

"मग मला आधीच का नाही अडवलेत?"

"अडवले असते, तर तू ऐकले असतेस, समजला नसतास. आणि नवशिक्याने भरलेले काडतूस स्वतः तपासल्याशिवाय मी कधी बंदुकीत जाऊ देत नाही. ही दहाही मी पहाटे उघडणारच होतो. तू आधी आलास, हे बरे झाले."

शिष्याने दीर्घ श्वास सोडला. छातीवरचा धोंडा उतरला होता. सांडलेली दारू त्याने मऊ कुंचल्याने हळुवार गोळा केली आणि साधी दहा काडतुसे आपल्यापुढे ओढली.

आरंभी सोबतीला घ्यावे ते असे, की ज्याच्यापाशी आपली चूक लपत नाही.