खुंटवडच्या पाटकऱ्याची बोळवण

या बंधाऱ्यावर उभं राहिलं की उजव्या हाताला पाट निघताना दिसतो. त्याच्या तोंडाशी शेंदूर फासलेले दगड आहेत ना, त्या आमच्या आसरा, पाण्याच्या देवी. चपला इथेच काढा, पुढे शेवाळ आहे, घसराल. पाहुणे येतात आणि बंधारा किती जुना, चुना कसला, हेच विचारत बसतात. खुंटवडचं खरं नवल दगडचुन्यात नाही, बोळवणीत आहे. लेकीची बोळवण सगळीकडे होते, आमच्याकडे पाटकऱ्याची होते. पाटकरी म्हणजे ज्याच्या हातून पाटाचं पाणी शेतोशेती जातं तो माणूस. दर साली तो बदलतो, आणि नवं पाणी सुटायच्या दिवशी जुन्या पाटकऱ्याला पोचवायला अख्खा गाव शिवेपर्यंत जातो. का, ते सांगतो. बसा.

फार पूर्वी, असे सांगतात, हा बंधारा गावानेच घातला. पुरुषांनी पाया खणला, बायकांनी डोक्यावरून दगड वाहिले. पाणी आलं, त्याच्यामागून भांडणंही आली. एकाने बांध घालावा, दुसऱ्याने तो फोडावा. सख्खे भाऊ फावडी घेऊन एकमेकांवर धावले म्हणे. शेवटी पंचांनी उखाजीला बोलावलं. पाटाखाली त्याची वीतभरही जमीन नव्हती, त्यामुळे कुणाकडे झुकायचं त्याला कारण नव्हतं. बायको मागेच वारलेली, एकुलती लेक जिऊ डोंगरापलीकडे दिलेली. गावाने ओल्या अंगाने आसरांपुढे शपथ घेतली की पाणी मोडेल, म्हणजे एका शेतातून दुसऱ्यात वळवेल, तो उखाजीचाच हात. दुसरा कुणी हात लावेल, त्याचं शेत करपेल.

इथेच आमचे पूर्वज चुकले. शपथ कामाची घ्यायची, ती त्यांनी माणसाची घेतली. भांडणं मिटल्याच्या आनंदात कुणाच्या हे ध्यानात आलं नाही. उखाजीच्याही नाही, उलट त्या दिवशी त्याची छाती फुगलीच असणार.

पाणी त्याने न्यायाने दिलं. आधी वरचा फड, म्हणजे वरच्या शेतांचा पट्टा, मग मधला, मग शेवटचा. शेवटचा भिजेपर्यंत वरचा पुन्हा तहानलेला असायचा. लोक निर्धास्त झाले, इतके की पाटाकडे फिरकेनासे झाले. गाळ उखाजीने काढायचा, उंदरांची बिळं उखाजीने बुजवायची. लग्न असो, मयत असो, त्याला गाव सोडता येईना. दाणागोटा मात्र घरोघरून वेळेवर पोचायचा. दावणीच्या बैलालाही वैरण मिळतेच की.

एका साली थंडी सरता सरता जिऊचा दीर धापा टाकत बंधाऱ्यावर आला. जिऊ बाळंतपणातून उठली नव्हती.

"तात्या, वहिनीची नजर दारातून हलत नाही," तो म्हणाला. "आजच चला."

उखाजी रजा मागायला वरच्या फडात गेला. लोक कळवळले. "जा की, लेकच ती! आमचं तेवढं भिजू दे, मग नीघ." ते भिजलं. मधल्या फडानेही हेच म्हटलं. शेवटच्या फडात बजाबाई नावाची विधवा होती, तिचं पोट एका तुकड्यावर. ती म्हणाली, "उखा, गहू चिकात आलाय रे, दाणा भरायचाय. एवढं पाणी दे अन् जा." ते दिलं, तोवर वरचा फड पुन्हा तहानला.

'नाही' कुणीच म्हणालं नाही, हे ध्यानात घ्या. म्हटलं असतं तर तो भांडला तरी असता. निघावं तर शपथेपायी दुसरा कुणी पाण्याला शिवणार नाही, गावाचं वर्षाचं अन्न करपणार. राहावं तर लेक जाणार. दीर वाट पाहून परत गेला. उखाजी डोंगराकडे बघायचा आणि फावडं मारायचा.

मग निरोप आला तो जिऊ गेल्याचाच. उखाजीने फावडं आसरांपुढे ठेवलं. "आता कुणाचं भिजायचं राहिलंय?" एवढंच विचारलं आणि तो चालता झाला. तो परत कधी आला नाही.

पाणी वरच्या फडात चालू होतं, ते तसंच चालू राहिलं. वरचा गहू सडू लागला, खालचा सुकू लागला, आणि अख्खा गाव काठावर उभा. पाणी पायाशी, पण मोडायला हात नाही. उखाजी कसा जगत होता, ते तेव्हा लोकांना कळलं. शेवटी बजाबाई पुढे झाली.

"माझं करपायचं ते करपू दे," ती म्हणाली. "त्याच्या लेकीहून माझा गहू मोठा नव्हता. मी तो मोठा केला."

तिने फावडं उचललं आणि पाणी मोडलं. त्या साली सगळे फड तरारले, आणि तिचा तुकडा तेवढा करपला, असे सांगतात. गावाने तिला जन्मभर दाणा दिला. तिच्या तुकड्यावर शपथ फिटली असं धरून पंचांनी ठरवलं, फावडं घरोघर फिरेल. कुणी नाही म्हणायचं नाही, आणि एका घरात ते दुसऱ्या साली ठेवायचं नाही.

आजही नवं पाणी सुटायच्या दिवशी रान कोरडं ठणठणीत असतं, भेगा पडलेल्या असतात. शिवेवर जुन्या पाटकऱ्याच्या हाती शिदोरी देतात आणि प्रत्येक घरचं माणूस पुढे येऊन त्याला म्हणतं, "आमचं भिजलं, तू नीघ." कुणाचंच भिजलेलं नसतं. तो लेकीकडे, बहिणीकडे, जिथे जायचं राहून गेलं असेल तिकडे जातो, आणि तो नजरेआड झाल्याशिवाय आम्ही पाटात पाणी सोडत नाही.