खुडूक कवडीची वाटणी

यातला एक शब्द तरी खरा मानून दाखव, मग तुला शहाणा म्हणीन. फार मागं एका वाडीत दोन खुराडी होती अन् वीस कोंबड्या. जिला तिला वैरिणी, पण तिनाच्या वर कुणालाच नव्हत्या. तरी रोज टोचाटोची, अन् त्यात अंड्यांवर खुडूक बसलेल्या कवडी नावाच्या कोंबडीची अंडी फुटायची.

कोंबडा मोठा पंडित. त्यानं आधी तुरे बघून वाटणी केली, मग पिसं बघून. दोन्हीदा अंडी फुटली.

कवडी म्हणाली, "जिच्यासंगं एका खुराड्यात दोन तरी वैरिणी असतील, तिनं उठून दुसऱ्या खुराड्यात जावं, एका खेपेला एकीनंच. बास."

"अंड्यांबरोबर डोकंबी उबवलंस का गं?" कोंबडा हसला. "जन्मभर येरझाऱ्या घालतील की!"

"अरे दीडशहाण्या, इथं दोघी सुटल्या तर तिथं फार तर एकच भेटंल. दर खेपेला एक तरी भांडण कमी होतंय. मग कधीतरी थांबंलच की!"

अकरा जणी उठून गेल्या, मग कुणीच उठेना. जिच्यासंगं वैरीण उरली, ती एकच. ही या कोपऱ्यात, ती त्या कोपऱ्यात. कवडीची नऊ पिल्लं निघाली.

"अन् मी कुठल्या खुराड्यात?" कोंबड्यानं मान ताठ करून विचारलं.

"तुझ्या वैरिणी किती रे?"

वीसच्या वीस एकदम कलकलल्या.

तवापासनं तो उकिरड्यावर झोपतो. पहाटे बांग देतो म्हणतात. बांग कसली, आत घ्या म्हणून बोंबलतो मेला.

ऊठ, जा आता. जाताना तुझे वैरी मोज.