सूर्य गिळणारा आणि लाकडाचं दार

“भन्ते, सूर्य गिळणारा मोठा, की वेळ थांबवणारी मोठी?”

प्रसेनजितने अजून बूडही टेकलं नव्हतं. टेकडी चढून आला, चपला काढल्या, ‘वंदामि भन्ते’ म्हणाला आणि त्याच दमात हे विचारून मोकळा झाला.

भन्ते उपसेन विहाराच्या पायरीवर झाडू बांधत बसले होते. सिंदीच्या पानांची जुडी पायाच्या अंगठ्यांत धरलेली, सुतळी दातांत. त्यामुळे बोलायला त्यांना जरा वेळ लागला.

“सूर्य कोण गिळते?”

“व्होर्गन.”

“काहून?”

 प्रसेनजितच्या काखेत चौसष्ट पानांचा छापील पुरावा होता, पण ‘का गिळतो’ हा प्रश्न त्यात कुठेच नव्हता.

व्होर्गन आणि इलिरा ही कुणी देवमंडळी नव्हेत, व्हिडिओ गेममधली माणसं. गेमचं नाव लांबलचक आणि इंग्रजी आहे, त्यावाचून आपलं काही अडत नाही. व्होर्गन हातोडा घेऊन फिरतो आणि पहाड फोडतो. इलिराला शिंगं आहेत आणि ती बोट उचलून वेळ थांबवते. या दोघांत बलवान कोण, यावर फोनमधल्या एका ग्रुपवर दोन हजार माणसं रोज हमरीतुमरीवर येत होती. प्रसेनजित त्या ग्रुपचा न्यायाधीश. हे पद त्याला कुणी दिलं नव्हतं, पण तो निकाल देई आणि लोक मुकाट मान्य करीत. वय चोवीस.

मान्य केलं नाही ते एकट्या नागसेनने.

नागसेन म्हणजे बालवाडीपासूनचा मित्र. रविवारच्या धम्मवर्गात दोघं एकाच सतरंजीवर बसायचे, एकाच वेळी फिदीफिदी हसायचे आणि भन्ते दोघांनाही एकाच वेळी बाहेर काढायचे. बाहेर चिंचेखाली तर त्यांचं जास्तच फावायचं.

“नागसेन इलिराच्या बाजूनं आहे,” प्रसेनजित म्हणाला. “चार महिने झाले, बोलत नाही. फोन उचलत नाही. दोनदा घरी गेलो, त्याची आई म्हणे झोपला आहे. सकाळी अकराला कोण झोपते, भन्ते?”

“झालं काय?”

“मी पुरावा टाकला ग्रुपवर. पूर्ण चौसष्ट पानं.”

“मग?”

प्रसेनजितने पानं चाळली आणि एकेचाळिसाव्या पानावर बोट ठेवलं. मग वाचून दाखवलं. “‘विरुद्ध बाजूच्या खेळाडूचा हात मंद आहे. म्हणून त्याला इलिरा जलद वाटते.’ ... लोक हसले. दोन हजार लोक. नागसेननं नुसतं ‘बरं’ लिहिलं अन् ग्रुप सोडला.”

भन्तेंनी सुतळीला गाठ मारली.

“परवा तो हैदराबादले जाणार आहे. नोकरी लागली त्याची.” प्रसेनजित पायरीवर बसला, एकदाचा. “भन्ते, तो तुमचंच ऐकते. तुम्ही एक वाक्य बोला, व्होर्गन मोठा म्हणून. मी रेकॉर्ड करून पाठवतो. तुम्ही म्हटलं तर तो मानंन. मानलं की भांडणच संपलं.”

“अन् मी म्हटलं, ती शिंगवाली मोठी, तर?”

“तसं होत नाही ना, भन्ते. पुरावा आहे.”

भन्ते उपसेन पूर्वाश्रमीचे एसटीचे ड्रायव्हर. तीस वर्षं भंडारा जिल्ह्याचे रस्ते तुडवून मग चीवर धारण केलेलं. न पाहता कुठल्याही गाडीबद्दल ते बोलत नसत.

“दाखव,” ते म्हणाले.

प्रसेनजितला हायसं वाटलं. हातच्या काकणाला आरसा कशाला? त्याने विहारात जाऊन चौरंगावर लॅपटॉप मांडला. भन्ते झाडू घेऊन मागोमाग आत आले, तसा त्याने बॅगेतून एक कंट्रोलर काढला. त्याच्या चार्जिंगच्या वायरीत अडकून दुसराही बाहेर आला.

“हा दुसरा रिमोट कोणाचा?”

“नागसेनचा.”

“तुझ्याजवळ कसा?”

“राहिला बॅगेत.”

चार महिने राहिला होता. दर रविवारी आपल्या कंट्रोलरबरोबर प्रसेनजित तोही चार्ज करून ठेवत होता, पण हे त्याने सांगितलं नाही. वेड्याला स्वतःलाही ते धड माहीत नव्हतं.

खेळ पहिल्यापासून सुरू झाला. व्होर्गनने हातोडा घातला आणि पहाड दुभंगला. पुढे एक राक्षस आला, त्याची भुकटी झाली.

“अरे वा!” भन्ते चौरंगाच्या जवळ सरकले. त्यांना मनापासून मजा वाटत होती. “अजून एक येऊ दे.”

अजून एक आला, त्याचीही भुकटी झाली. प्रसेनजितची छाती गजभर फुगली. तेवढ्यात वाट एका भिंतीशी येऊन थांबली. भिंतीत एक दार होतं. लाकडाचं, जुनं, खालून वाळवीने खाल्लेलं.

“फोड,” भन्ते म्हणाले.

“फुटत नाही.”

“मघाशी पहाड फोडला ना यानं?”

“हो.”

“अन् सूर्य...”

“सूर्य शेवटी गिळते, भन्ते. पण हे दार फुटाचं नाही. दोन बाजूला दोन दगड आहेत, पाहा. दोघांनी एकाच क्षणी दाबाचे, तेव्हाच उघडते. एक दगड याचा, एक इलिराचा.”

“म्हणजे ती शिंगवाली पण संगंच आहे?”

“संगंच असते. पहिल्यापासून.”

भन्तेंनी मान हलवली आणि दुसरा कंट्रोलर हातात घेतला. त्यांच्या उजव्या हाताला कंप होता. प्रसेनजित ‘आता’ म्हणाला की इलिरा एकदा उडी मारायची, एकदा गोल फिरायची, एकदा तर पाठ करून चालू लागली. पाच-सहा वेळा झालं. दार तसंच.

“माझ्याच्यानं होत नाही, बापा,” भन्ते म्हणाले. “तूच कर. तुले काय कठीण? तू तर न्यायाधीश.”

प्रसेनजितने दोन्ही कंट्रोलर दोन मांड्यांवर ठेवले. दोन्ही डगरींवर हात. डावा अंगठा वेळेवर पडायचा आणि उजवा मागे राहायचा. उजव्याला घाई केली की डावा हुकायचा. व्होर्गन आपल्या दगडावर उभा, इलिरा आपल्या दगडावर उभी आणि मध्ये ते वाळवी लागलेलं दार...

आठ वेळा. नऊ वेळा. कपाळावरचा घाम त्याने खांद्याला पुसला.

दुसरा कुणी साधू असता तर इथे टाळीची म्हण सांगून मोकळा झाला असता. भन्ते म्हणींच्या वाटेला जात नसत. ते झाडूचे शेंडे कात्रीने सारखे करीत बसले.

“आधी कसं उघडलं होतं?” त्यांनी विचारलं.

“नागसेन मोजे.”

“कसा?”

“एक, दोन, अडीच.”

भन्तेंची कात्री थांबली. “अडीच? तीन काहून नाही?”

“तीनला...” प्रसेनजितने आपल्या अंगठ्याकडे पाहिलं.

बाहेर चिंचेवर पोपटांचा कलकलाट चालू होता.

“तीनला काय?”

“तीनला माझं बोट उशिरा पडते, भन्ते.” त्याचा आवाज एकदम लहान मुलाचा झाला. “पहिल्यापासूनच. म्हणून तो मले अडीचला सांगे. म्हणजे मी तीनवर पोचतो. अन् स्वतः तीनला दाबे.”

“तूच सांगितलं होतं त्याले तसं?”

“नाही. त्यानंच सुरू केलं. सातवीत असताना.”

“अन् कोणाला सांगितलं त्यानं हे?”

“कोणालाच नाही.”



दोन हजार माणसांसमोर आपण कुणाचा हात मंद ठरवला होता, ते प्रसेनजितला आता दिसत होतं. नागसेनकडे या एका वाक्याचं उत्तर होतं. चौसष्ट पानं एका ओळीत फाडता आली असती, सगळा ग्रुप उलटून प्रसेनजितवर हसला असता. आणि त्याने लिहिलं होतं, बरं. प्रसेनजितला फार लाज वाटली, आणि नागसेनची इतकी आठवण आली की त्याने लॅपटॉपकडे पाहायचं सोडून दिलं.

शेवटी तो म्हणाला, “भन्ते... मग मोठा कोण?”

आता त्याला ते खरोखर माहीत करून घ्यायचं होतं असं नाही. पण विचारत आला होता, तेव्हा विचारलं.

भन्तेंनी चौरंगावरचा पुरावा उचलला. एक पान बोटांत चोळून पाहिलं.

“कागद जाड आहे,” ते म्हणाले. “चांगला आहे.”

मग त्यांनी वरची दहा-बारा पानं घेतली, झाडूच्या मुठीला घट्ट गुंडाळली आणि वरून सुतळीचे वेढे दिले. हाताला कंप, त्यामुळे वेढे वाकडेतिकडे बसले. प्रसेनजितने पुढे होऊन मूठ धरली. भन्तेंनी गाठ मारली, झाडू जमिनीवर एकदा फिरवून पाहिला आणि समाधानाने बाजूला ठेवला.

“बाकीची राहू दे इथंच. विहारात अजून चार झाडू लागतात.”

प्रसेनजितने लॅपटॉप बंद केला आणि आपला कंट्रोलर बॅगेत टाकला. दुसरा मात्र हातातच धरला. पायरीशी चपला घालताना तो थांबला. म्हाताऱ्याला अर्धाच खेळ दाखवून चाललो, याचं त्याला वाईट वाटलं.

“भन्ते, दाराच्या पलीकडं आहे ना, तिकडं एक मोठी—”

“सांगू नको.”

“नाही, नुसतं सांगतो, तिकडं—”

भन्तेंनी कंप पावणारा हात वर केला.

“सांगू नको म्हटलं ना. उद्या दोघं या. मले पाहाचं आहे.”