हैबतरावाची धडक

प्राण्यांनाही देशोदेशी फिरायची हौस होती, त्या काळातली ही गोष्ट. समुद्रातल्या एका बेटावर उंचच उंच दगडी पुतळे रांगेने उभे होते. आलेल्या पाहुण्यांना ते दिवसभर हिंडून दाखवायचं काम हैबतराव नावाच्या एडक्याकडे होतं.

पाहुणे आले की हैबतराव आधी दम भरायचा, "कोणी हात लावायचा नाही! पूर्वजांची ठेव आहे ही." मग प्रत्येक पुतळ्यापाशी थांबून, तो किती भक्कम आहे हे पटावं म्हणून, मागे सरकून पायथ्यावर सणसणीत धडक द्यायचा. "बघा, हलला का?" पाहुणे खूश व्हायचे.

एकदा बदकांचा थवा आला. एक बदक जरा पुढे सरकलं, तर हैबतराव त्याच्यावर केवढ्याने खेकसला! मग मागे सरकला, धावला आणि धडकला.

पुतळा करकरला, कलंडला आणि धाडकन कोसळला.

हैबतराव ओरडला, "कोणी चोच लावली? खरं सांगा!"

"अहो हैबतराव," म्हातारी बदकीण घाबरत म्हणाली, "तुम्ही दटावल्यापासून आम्ही सगळे लांबच उभे आहोत."

हैबतरावाने पुढच्या पुतळ्याकडे पाहिलं. पायथ्याशी एक खळगा होता. त्याच्या पुढच्यालाही होता. रांगेच्या टोकापर्यंत सगळे खळगे एकाच उंचीवर, एकाच मापाचे.

तो जवळ गेला आणि त्याने एका खळग्यात कपाळ टेकवलं.

ते अगदी नेमकं बसलं.