जंतूंच्या कात्रीला पाचर

आंबेरानात गवेराजांचं राज्य होतं. तिथे ताप आला की निळी गोळी मिळायची. शिंक आली तरी मिळायची, नुसतं सभेला गेलं तरी मिळायची. प्रजा खूश होती. पुढे पुढे मात्र गोळी घेऊनही ताप उतरेना.

काटेरी अंगाची कुसुंबी साळू ही रानातली वैद्य. हरिणीचं पाडस तापाने फणफणलं, तेव्हा तिने त्याच्या रक्ताचा थेंब भिंगाखाली धरला आणि कपाळावर हात मारला. जंतूंनी बारीक कात्र्या बनवल्या होत्या. गोळी आत गेली रे गेली की कचाकच कापून टाकत.

"दुप्पट गोळ्या देऊ का गं?" हरिणी रडवेली झाली.

"नको. आपण कात्रीच बंद पाडू."

कुसुंबीने हुबेहूब निळ्या गोळीसारखी नकली गोळी घडवायला घेतली. कितीतरी नमुने पात्यांतून निसटले. एक मात्र नेमका बसला. कात्रीने तो चावला आणि पाती त्यातच रुतली; पाचर बसली. पाठोपाठ खरी गोळी गेली. सकाळी पाडस आईला ढुशा देत होतं. कुसुंबीने तोंड फिरवून डोळे पुसले.

निवडणूक तोंडावर होती. आरोग्यमंत्री तरसराव हसत हसत आले.

"बाई, ही जोडगोळी आता घरोघरी! वर महाराजांचा फोटो. सगळ्यांना पुरायला हवी, म्हणून प्रत्येकी अर्धी."

"अहो साहेब, फक्त आजाऱ्यांना द्या आणि पुरती द्या! अर्ध्या गोळीने जंतू मरत नाहीत, शहाणे होतात. नवी कात्री करतील, तिला ही पाचर बसायची नाही."

"रानात आजारी मतदार किती?"

"थोडे."

"आणि धडधाकट?"

तरसराव हसत हसतच सभेकडे निघाले.

"बांधवांनो, कात्री आम्ही मोडली!" गवेराज सभेत गरजले. टाळ्या कडाडल्या, गोळ्या वाटल्या गेल्या, महाराज प्रचंड मतांनी निवडून आले.

काही दिवसांत हरिणांच्या कळपात ताप परतला. जंतूंकडे नव्या कात्र्या होत्या. कुसुंबीने दरबारात निरोप धाडला, "तापाची साथ आलीय, मदत पाठवा," आणि ती नवी पाचर घडवायला पुन्हा भिंगाला डोळा लावून बसली.

महाराजांनी निरोपाची गंभीर दखल घेतली आणि त्याच दिवशी हुकूम काढला. तेव्हापासून आंबेरानात ताप कोणालाच येत नाही. काहींना जरा उष्णता होते, एवढंच.