झऱ्यापाशी बसलेल्या देवाची कहाणी

ऐक प्रभूच्या वचना, तुझी कहाणी.

आटपाट ख्रिस्ती वस्ती होती. वस्तीला दगडी देऊळ, देवळाला पितळी घंटा. तिथं सलोमीबाई नावाची विधवा राहत असे. घरात मुलगा शांतवन, सून अबीगैल. वस्तीची एक रीत होती. उपवासकाळ लागला की दिवेलागणीला घरोघर पवित्र शास्त्र वाचायचं. वडीलधाऱ्या बाईनं पाठ निवडायचा, कुणाच्या तरी नावानं वाचायचा, आणि ज्याच्या नावानं वाचला त्यानं आमेन म्हणायचं.

सलोमीबाईचा आवाज गोड, उच्चार स्वच्छ. पण पाठ रोज सुनेच्याच नावानं. सुनेचं दूध उतू गेलं, सासूनं आळशाचा पाठ काढला. सून उलटून बोलली, भांडखोर बायकोचा पाठ काढला. शेजारीण मार्थाबाई म्हणाली, "तुमच्या बायबलात सगळं सुनांवरच लिहिलंय काय हो? आमच्यात सासवापण आहेत." बाया हसल्या. सलोमीबाईनं मनावर घेतलं नाही.

मग काय झालं? अबीगैलला दिवस गेले. ती म्हणाली, "आत्याबाई, पहिलं बाळंतपण आईकडे करते." सासू म्हणाली, "का, मी मेले का?" त्याच संध्याकाळी तिनं हागारेचा पाठ काढला. साराय मालकीण, हागार तिची दासी. दासीला मालकिणीच्या नवऱ्यापासून, अब्रामापासून, दिवस गेले, ती मालकिणीला तुच्छ मानू लागली, मालकिणीनं छळलं, दासी रानात पळाली. झऱ्यापाशी तिला देवाचा दूत भेटला. मालकिणीकडे परत जा म्हणाला, तिच्या हाताखाली राहा म्हणाला. तिथंच सलोमीबाईनं पुस्तक मिटलं. "आमच्या हिच्या नावानं," म्हणाली, आणि आमेनची वाट पाहिली. आमेन आलं नाही. सकाळी अबीगैल एसटीत बसून माहेरी गेली.

मग निरोप धाडला, आली नाही. शांतवन आणायला गेला, एकटाच परतला. "काय म्हणाली?" आईनं विचारलं. तो म्हणाला, "म्हणते, त्या घरात देवही तुझ्या आईच्याच बाजूनं बोलतो. तिथं मला मूल वाढवायचं नाही."

सलोमीबाईला घास गोड लागेना. नातवंड दाराशी यायचं ते माघारी फिरलं. ती देवळातल्या धर्मगुरूंच्या म्हाताऱ्या बायकोकडे, पाळकीणबाईंकडे गेली, म्हणाली, "बाई, मला वसा सांगा." बाई म्हणाल्या, "सांगितला, तर अर्ध्यावर टाकशील." "नाही टाकणार." "मग तोच पाठ रोज वाच. मोठ्यानं वाच. शेवटपर्यंत वाच. कुणाच्याही नावानं वाचू नको. आणि त्यात देव कुठं आहे तेवढं बघ."

पहिल्या दिवशी वाचलं. दासी चुकली, तेवढंच दिसलं. दुसऱ्या दिवशी वाचलं. सारायची दया आली. घर तिचं, संसार तिचा, बिचारीनं सोसायचं तरी किती? तिसऱ्या दिवशी वाचलं आणि देव शोधू लागली. सारायच्या तंबूत शोधला. तिथं तो बोलतच नव्हता. सारायच्या तोंडी 'माझी दासी', अब्रामाच्या तोंडी 'तुझी दासी'. हागार अशी नावानं हाक पहिल्यांदा मारली ती देवाच्या दूतानं, रानात. आणि परत जा म्हणण्याआधी त्यानं विचारलं होतं, कुठून आलीस, कुठं चाललीस. विचारलं, आणि तिचं ऐकून घेतलं.

सलोमीबाई थांबली. एवढी वर्षं पुस्तक मांडीवर घेतलं, म्हणजे आपण देवाच्या शेजारी बसलो, असं तिला वाटे. तो तर तिच्यापासून पळालेलीच्या शेजारी बसला होता. आणि तिथून तो तिच्याकडे बघत होता. दिसलं काही नाही, आवाज आला नाही. खरंच तो होता, की आपल्याच मनाचा खेळ, हे तिला पुढंही छातीठोकपणे सांगता आलं नाही. पण ओळ पुढं सरेना. त्या बघण्यात राग नव्हता, हेच तिला सोसेना. मग तिनं पाठ शेवटपर्यंत वाचला, जिथं हागार देवाला 'मला पाहणारा देव' असं नाव देते. परत जा, हे वचन होतंच. ते पुसता येत नव्हतं. ते सांगणं आपलं काम नव्हे, एवढं कळलं.

मग सलोमीबाई सुनेच्या माहेरी गेली. अबीगैल अंगणात तांदूळ निवडत होती. उठली नाही. म्हणाली, "आज कुठला पाठ आणलात?"

"पाठ नाही आणला. अबीगैल, माझ्या घरात तुला काय काय झालं ते सांग. मी ऐकते."

अबीगैल बोलू लागली. ऊन अंगणातून परसात गेलं, तरी बोलतच होती. सासूच्या तोंडाशी उत्तर आलं, तिनं गिळलं. पुन्हा आलं, पुन्हा गिळलं. पुन्हा आलं, तेव्हा पदर तोंडाला लावून बसली. शेवटी अबीगैल म्हणाली, "बाळंतपण इथंच करणार."

"कर."

"नंतर येईन की नाही, आत्ता सांगत नाही."

"नको सांगू."

अबीगैलनं सूप बाजूला ठेवलं. म्हणाली, "उपाशीच आला असाल. जेवून जा."

मुलगी झाली. सासूनं निरोप धाडला नाही, मुलाला पाठवलं नाही. पावसाळा सरला. मग एका सकाळी अबीगैल लेकीला कडेवर घेऊन आपल्या पायांनी आली, आणि सलोमीबाईच्या मांडीवर तिला ठेवून हातपाय धुवायला गेली.

सलोमीबाईला वाचता वाचता जसा प्रभू भेटला, तसा तुम्हांआम्हां वाचणाऱ्याला भेटो, ऐकणाऱ्याला भेटो, ज्याच्यावर आपण वाचतो त्यालाही भेटो. पुष्कळा बोलांची कहाणी थोडक्या बोलांत सांगितली. ती फळो, पुरी होवो. आमेन.